पाऊस ओसरताना: वाफ्याची माती आणि राखून ठेवायचं बी

पाऊस ओसरला की परसबागेत दोन कामं एकदमच अंगावर येतात. पावसाळी वेलांवरची फळं जून होत असतात, म्हणजे बी धरायची वेळ असते. आणि त्याच आठवड्यांत पालक, मेथी, मुळा, गाजर, वाटाण्याचे वाफेही तयार करायचे असतात. वाफ्यांच्या घाईत बियाण्याचं काम मागे पडतं. चांगली फळं तोडून होतात आणि शेवटी वेलावर राहिलेलं खुरटं, वेडंवाकडं फळ बियाण्याला ठेवलं जातं. गावरान वाण दोन-तीन हंगामांत खालावतो तो असाच. म्हणून खुरपं हातात घेण्याआधी बागेत एक फेरी मारा, बियाण्याची झाडं ठरवा आणि त्यांना रंगीत दोरा बांधा. दोरा कशाचा आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर नेमकं तेच फळ तोडलं जातं.

निवड फळाची नको, झाडाची करा. रोगट झाडावर एखादं मोठं फळ लागलं म्हणून त्याचं बी चांगलं ठरत नाही. वेळेवर फुललेलं, सलग फळलेलं, पाऊस आणि किडी सोसूनही टवटवीत राहिलेलं झाड निवडा. पालेभाज्यांत मात्र एक चूक सर्रास होते: जे झाड सगळ्यांत आधी फुलोऱ्यावर येतं, त्याचंच बी आयतं हाती येतं म्हणून धरलं जातं. असं दोन वर्षं केलं की सगळा वाफाच लवकर फुलायला लागतो आणि पानं मिळेनाशी होतात. पालक, कोथिंबीर, मुळा यांत आधी फुललेली झाडं उपटा आणि सर्वांत उशिरा फुलणाऱ्यांचं बी धरा. घेवडा-चवळीच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील किंवा शेंगांवर खोलगट काळे डाग असतील, तर त्या झाडाला हातच लावू नका; मोझॅक आणि करपा हे दोन्ही बियांतून पुढच्या पिकात उतरतात.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेल्या बियाण्याची झाडं यासाठी चालत नाहीत. त्यांच्या बियांतून पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण विखरून येतात, दहा झाडं दहा तऱ्हांची निघतात.

किती झाडांचं बी एकत्र करायचं, हेही पिकावर ठरतं. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. तिथे ५-६ झाडं पुरतात. मुळा, गाजर, पालक, कांदा यांत परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातो, आणि थोड्याच झाडांवरून बी धरत राहिलं तर वाणाचा जोम जातो. तिथे २० झाडांच्या खाली जाऊ नका. मक्याला तर १०० झाडंही जास्त नाहीत, त्यामुळे छोट्या परसात मक्याचं बी धरायच्या फंदात न पडलेलं बरं.

फळ खाण्याजोगं झालं म्हणजे बी तयार झालं असं नाही. काकडी पिवळी-तपकिरी होऊ द्या आणि तोडल्यावरही दोन आठवडे सावलीत ठेवा, बी तेवढ्यात आतल्या आत भरतं. वांगं पिवळट-तांबूस होईपर्यंत झाडावरच राहू द्या. दोडका वेलावरच वाळून हलका झाला आणि हलवल्यावर आत खुळखुळला की काढा. दुधीच्या सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ सुकला की तो काढून आणखी महिनाभर आडोशाला ठेवा. भेंडीची बोंडं कडांवर तडकायला लागली की उशीर करू नका, बी खाली सांडतं. शेंगा वाळत आल्या असताना परतीच्या सरी आल्या तर झाडं मुळासकट उपटून आडोशाला उलटी टांगा. भिजलेल्या शेंगेत बी तिथेच मोड धरतं.

टोमॅटोचं बी मात्र नुसतं धुऊन ठेवू नका. त्याभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पूर्ण पिकलेल्या फळांचा गर बियांसकट काचेच्या भांड्यात काढा, पाणी घालू नका किंवा अगदी थोडं घाला, वर कापड बांधा आणि सावलीत ठेवा. रोज एकदा ढवळा. उबदार हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर पांढरट साय येते आणि आंबूस वास सुटतो. आता भरपूर पाणी घालून हलवा: भरीव बी तळाशी बसतं, पोकळ बी आणि गर वर तरंगतो, तो ओतून टाका. चार-पाच पाण्यांनी धुऊन बी स्टीलच्या ताटात किंवा जाळीवर पातळ पसरा. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं आणि सोडवताना फाटतं. तीन दिवसांहून जास्त आंबवलं तर बी भांड्यातच मोड धरतं किंवा काळवंडतं.

वेलवर्गात भेसळीची खरी अडचण असते. मधमाशी किलोमीटरभर सहज फिरते, त्यामुळे दोन जातींच्या दुधीत चार वाफ्यांचं अंतर ठेवून काही उपयोग नाही. हाताने परागीभवन करा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारीच त्या दिवशी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी शोधा. मादी कळीच्या मागे बोटाएवढं केसाळ फळ असतं, नर कळीचा देठ नुसता लांब असतो. दोन्हींवर पातळ कापडाची पिशवी बांधा. दिवेलागणीला नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा; पिवळी भुकटी चिकटलेली दिसली पाहिजे. मादी फुलाला पुन्हा पिशवी बांधा, दोन दिवसांनी काढा आणि देठाला दोरा बांधा. भोपळा आणि काकडी सकाळी फुलतात, त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधाव्या लागतात.

हे काम किचकट वाटलं तर त्या हंगामात दुधीची एकच जात लावा, पण आसपास कडू जंगली दुधी नाही याची खात्री करा. कडू जातीशी झालेली भेसळ त्या वर्षीच्या फळात कळत नाही, पुढच्या वर्षीच्या वेलावर उघडी पडते. घरच्या बियाण्याची दुधी, काकडी किंवा भोपळा चवीला कडू लागला तर तो शिजवूनही खाऊ नका. त्यातलं कडू द्रव्य शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होऊन गंभीर विषबाधा होऊ शकते. असा वेल उपटा, त्याचं बी ठेवू नका.

वाफ्याची माती

ओल्या मातीला हात घालू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून माती नुसती ओलसर राहू द्या. १० सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबून लाडू करा आणि अंगठ्याने दाबा. भुसभुशीत फुटला तर माती तयार आहे. लाडू चेपला, अंगठ्याखाली माती चकाकली किंवा चिकटली, तर चार दिवस थांबा. चिकणमाती ओली असताना खणली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. ती ढेकळं वाळून दगडासारखी होतात आणि हंगामभर फुटत नाहीत.

माती उलथी-पालथी करायची गरज नाही. दातेरी फावडं १५-२० सेंटिमीटर खुपसून मागे झुकवा, माती जागच्या जागी सैल होऊ द्या. वरचा थर खाली गाडला तर त्यातले हवेवर जगणारे जीव घुसमटतात, आणि खालचं तणाचं बी वर येऊन उगवतं. वाफा मीटरभरापेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही.

चौरस मीटरला १० लिटरची एक बादली कुजलेलं खत घाला. पसरल्यावर १ सेंटिमीटरचा थर होतो. पहिल्या वर्षी, माती अगदी हलकी असेल तर दोन बादल्या. जास्त घातल्याने जास्त फळत नाही. वर्षानुवर्षं भरमसाट खत घातलेल्या वाफ्यात क्षार आणि स्फुरद (फॉस्फरस) साठतं, पानांच्या कडा करपतात. कच्चं शेण तर आत्ता वाफ्यात नकोच: त्यातून मुळं खाणारी हुमणीची अळी आणि तणाचं बी येतं, कोवळी मुळं जळतात, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना रोगजंतूंचा धोका राहतो. घालायचंच असेल तर काढणीच्या किमान ४ महिने आधी मातीत मिसळा.

बाहेरून आणलेलं शेणखत किंवा पेंढा वापरण्याआधी तपासा, कारण ही चूक महागात पडते. काही तणनाशकं, विशेषतः अमिनोपायरलिड आणि क्लोपायरलिड, गवतातून जनावराच्या पोटात जातात, शेणातून बाहेर पडतात आणि खत कुजल्यावरही टिकतात. तीन कुंड्यांत ते खत मातीत मिसळून घेवडा पेरा, तीन कुंड्यांत नुसती माती ठेवा. तीन आठवड्यांत खतातल्या रोपांची नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर ते खत भाज्यांना वापरू नका.

घरच्या खताच्या ढिगात वाळलेला पाला आणि ओला कचरा मापाने तीनास एक घ्या. ढीग मीटरभर लांब, रुंद, उंच झाला की आत उष्णता धरतो. लहान ढीगही कुजतो, फक्त सावकाश. मूठभर दाबल्यावर दोन-चार थेंब निघावेत एवढीच ओल हवी. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर वाळला पाला कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडलीय, ढीग उलटा. थंड पडून जसाच्या तसा राहिला तर बहुधा कोरडा आहे. राख घालायचा मोह आवरा, माती मुळात विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) असेल तर राखेने लोह मुळांना मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात.

पेरणी

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल. धने पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका करा, प्रत्येक फाकेत एक बी असतं. पालकाचं एक बोंड म्हणजे बियांचा गुच्छ, म्हणून एका जागी दोन-तीन रोपं येतात आणि विरळणी करावीच लागते. लेट्यूस ३० अंशांवर तापलेल्या मातीत रुसतं, त्याला थांबवा. गाजराला उगवायला १०-१५ दिवस लागतात आणि तेवढ्यात वरची माती एकदा जरी सुकली तरी कोंब मरतो. वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरा, रोज खालून बघा आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच त्याच संध्याकाळी काढून घ्या.

कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडत असतील तर दाट पेरणी आणि जास्त पाणी ही कारणं आधी बघा. पाणी सकाळी द्या, रोपं विरळ करा. रोपं वीतभर झाली की वाळल्या पाल्याचं ५ सेंटिमीटर आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं लांब.

बियाण्याची साठवण

एवढ्यात ताटातलं बी वाळत आलेलं असतं. ते सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात ३५ अंशांच्या वर तापलं तर उगवणशक्ती जाते. दुधी-काकडीचं बी वाकवल्यावर कटकन मोडलं पाहिजे, घेवड्याच्या बियावर दात रुतला नाही पाहिजे. बियांतली ओल १ टक्क्याने उतरली तरी त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून इथे घाई करू नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलची किंवा कोरड्या चाळलेल्या राखेची पुरचुंडी ठेवून भरा. कडधान्यांच्या बियांत भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच आलेली असतात; पूर्ण वाळलेलं बी बरणीसकट आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं.

कांद्याचं बी वर्षभरातच वापरा. भेंडी दोन, मिरची दोन-तीन, टोमॅटो चार, काकडी पाच वर्षं टिकते. शंका आली तर २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून मोड मोजा. १६ आल्या तर नेहमीसारखं पेरा, १० आल्या तर दुप्पट.

पाकिटावर वाणाचं नाव आणि तारीख लिहा, किती झाडांचं बी आहे ते लिहा, आणि त्या वेळी बागेत त्याच पिकाची दुसरी कोणती जात फुलावर होती तेही लिहा. पुढच्या हंगामात वेलावर वेगळंच फळ लागलं तर कारण त्याच ओळीत सापडतं.