चिंचोके आधी, पाटी नंतर

२१ वर्षं मी गावच्या अंगणवाडीत सेविका होते. जूनमध्ये नवी पोरं आली की एखादी आई हमखास सांगायची, "ताई, याला शंभरपर्यंत येतं बरं का." पोरगं धडाधड म्हणूनही दाखवायचं. मग मी त्याला म्हणायचे, "जा बाळा, पाच वाट्या आण." तो हातात मावतील तेवढ्या घेऊन यायचा. कधी तीन, कधी सात. अंक त्याला गाण्यासारखे पाठ होते. मोजायला मात्र अजून कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून घरी सुरुवात करताना वही काढूच नका. दोन वाट्या आणि दहा चिंचोके घ्या. एका वाटीतला चिंचोका उचलायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा आणि तो पडला की अंक म्हणायचा. लहान मुलाची जीभ बोटाच्या पुढे पळते. चिंचोके नुसते ओळीत मांडले तर पाचासाठी सात म्हणून होतात. उचलून टाकायचे म्हटलं की जिभेला थांबावंच लागतं. मोजून झाल्यावर विचारा, "किती झाले?" बरीच मुलं परत एकपासून सुरू करतात. रागावू नका. शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच 'एवढे सगळे', हे अजून त्याच्या डोक्यात बसायचंय. वाटीवर हात झाका आणि विचारा, "आत किती?" आठवडाभरात सांगायला लागतं. मग तेच चिंचोके लांब लांब पसरा आणि पुन्हा विचारा. पसरले की वाढले, असं त्याला वाटतं, तेव्हा त्याच्याच हातानं पुन्हा मोजू द्या. आणि वाटी रिकामी झाली की आवर्जून विचारा, "आता किती?" शून्य तिथेच शिकवायचं.

घरातली कामंही द्या. ताटं किती मांडायची, भाकरी किती झाल्या, जिन्याच्या पायऱ्या किती. शेंगा सोलायला, मेथी निवडायला बसवा. त्यानं बोटांत जोर येतो, आणि पेन्सिल धरायला तोच लागतो.

माझ्या थोरल्याच्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं. चौथ्या वर्षीच त्याच्याकडून पानंच्या पानं १ ते ५० लिहून घेतली. वही दिसली की तो रडायचा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लिहिणं परातीत सुरू करा. बारीक वाळू किंवा रांगोळी पसरा, त्याचं बोट आपल्या हातात धरा आणि अंक मोठा काढा. १, २, ३ असा क्रम धरायलाच हवा असं नाही. ० आणि १ आधी घ्या. ३ आणि ६ एका दिवशी शिकवू नका. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं, मुलं हमखास उलटे काढतात. मी सांगायचे, "तीनाचं तोंड डाव्या हाताकडे, सहाचं जेवायच्या हाताकडे." डावखुऱ्या मुलाला मात्र 'खिडकीकडे' नाहीतर 'दाराकडे' असं सांगा. ४ वरून डावीकडून उतरायचा, खाली गाठ मारायची आणि उजवीकडे वर जायचं. आता मोबाइलवर इंग्रजी अंकही दिसतात. इंग्रजी नऊ बघून मूल 'एक' म्हणालं तर ते चुकलेलं नाही, आपला १ तसाच दिसतो. इंग्रजी आठ वरून उघडा ठेवला की आपला ४. अशा जोड्या शेजारी शेजारी काढून दाखवा.

खरी अडचण दहाच्या पुढे येते. 'पंचवीस' ऐकलं की कानावर आधी पाच पडतात आणि मग वीस. म्हणून मूल ५२ लिहितं. यावर खराट्याच्या काड्यांसारखा उपाय नाही. दहा काड्यांचा एक गठ्ठा, त्याला रबर. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, आणि तोंडानं म्हणायचं, "वीस आणि पाच, पंचवीस." २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडणार इथपर्यंत लोक गेले. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. माझ्या वर्गात जे दिसलं त्यावरून मला त्यांचं म्हणणं पटलं. फक्त 'पंचवीस' सोडू नका, दोन्ही जोडून म्हणा. बाजारात, आजीच्या तोंडी तेच येणार आहे.

एकोणीस, एकोणतीस ही मंडळी सगळ्यात शेवटी घ्या. तीन गठ्ठे मांडा, एकाचं रबर काढा आणि एक काडी बाजूला ठेवा. तिसातून एक उणा, एकोणतीस. हे एकदा हातानं केलं की एकोणचाळीस, एकोणपन्नास मुलं स्वतःच सांगतात. गेल्या महिन्यात माझ्या नातीनं असंच नव्वदपर्यंत नेलं आणि मग दहा गठ्ठ्यांतून एक काडी काढून म्हणाली, "एकोणशंभर!" नियमाप्रमाणे तिचंच बरोबर होतं. मी आधी तिला शाबासकी दिली, आणि मग सांगितलं की याला आपल्याकडे नव्व्याण्णव म्हणतात.