कम्युनिस्ट राजवटीतली अवांगार्द (म्हणजे चाकोरीबाहेरची, प्रयोगशील) कला बघायची कशी?

पूर्व युरोपातल्या ७०च्या दशकातल्या कलाकारांचं काम समोर आलं की बरेच जण गोंधळतात, कारण काम म्हणजे चित्र नाही, कलाकाराने प्रत्यक्ष केलेली कृती (परफॉर्मन्स), आणि आपल्याला दिसतो फक्त तिचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि सोबत टाइप केलेल्या चार ओळी. तर आधी त्या ओळी वाचा. तारीख कुठली, शहर कुठलं, जागा कुठली.

उदा. चेक कलाकार यिर्शी कोवांडा, प्राग, नोव्हेंबर १९७६, वेन्सेस्लास चौक. फोटोत एक माणूस नुसता उभा, साध्यासुध्या हालचाली करतोय. मजकुरातून कळतं की स्क्रिप्ट आधीच लिहिलेली होती आणि हालचाली मुद्दाम अशा निवडल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला संशयही येऊ नये. याच चौकात १९६८ ला सोव्हिएत आक्रमणाचे रणगाडे आले होते, १९६९ ला त्याच्या निषेधात यान पालाख या विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतलं होतं, हे माहीत असलं की फोटो वेगळाच दिसायला लागतो. पण म्हणून लगेच निषेधाचं लेबल चिकटवू नका, खुद्द कोवांडा त्याला राजकीय म्हणत नाही.

मग शोधा, बघणारा कोण आहे. सान्या इवेकोविच या कलाकार बाईचं ‘ट्रँगल’ घ्या. १० मे १९७९, झाग्रेब (तेव्हाचा युगोस्लाव्हिया), खालून राष्ट्राध्यक्ष टिटोचा ताफा चाललाय आणि ही आपल्या बाल्कनीत व्हिस्की पितेय, पुस्तक वाचतेय, हस्तमैथुनाचा अभिनय करतेय. समोरच्या उंच इमारतीच्या छतावर सिक्युरिटीवाला आहे हे तिला माहितीये. १८ मिनिटांनी पोलीस बेल वाजवतो, बाल्कनीतून माणसं आणि वस्तू हटवा म्हणतो, तिथे काम पूर्ण होतं! म्हणजे तो पोलीसही कामाचाच भाग आहे, आणि मला तरी हेच यातलं सगळ्यात जबरदस्त वाटतं.

सगळे देश एका मापाने मोजू नका. युगोस्लाव्हिया बराच मोकळा होता, हंगेरीत सरकारने कलेचे ‘पाठिंबा, सहन, बंदी’ असे तीन कप्पे केले होते, आणि मॉस्कोत १५ सप्टेंबर १९७४ ला सरकारमान्य नसलेल्या कलाकारांच्या उघड्या मैदानातल्या प्रदर्शनावर बुलडोझर घातले, पण दोनच आठवड्यांत इझ्मायलोवो पार्कात परवानगीही दिली.

त्याच इझ्मायलोवोत १९७६ ला आंद्रेई मोनास्तिर्स्की या मॉस्कोच्या कलाकाराच्या ‘कलेक्टिव्ह अॅक्शन्स’ ग्रुपने लोकांना बोलावलं, जंगलातून दोघे जण आले, प्रेक्षकांना हजर असल्याचं सर्टिफिकेट दिलं, संपलं. या ग्रुपचं काम बघताना फोटोंवर थांबू नका, हजर असलेल्यांनी लिहिलेली वर्णनं मिळतात, ती दोन-तीन जणांची शेजारी ठेवून वाचा.