बहुस्तरीय इंडेक्समधून नोंदी वगळताना: पांडाजच्या ‘ड्रॉप’साठी चाचण्या कशा लिहाव्यात

जिल्हा आणि तालुका अशा दोन स्तरांचा इंडेक्स (ओळी ओळखण्याची नावे) असलेला तक्ता पायथनच्या पांडाज लायब्ररीत घेतला, की त्यातल्या नको असलेल्या नोंदी काढण्याचे काम ‘ड्रॉप’ ही एकच मेथड करते. तिला एक लेबल, म्हणजे इंडेक्समधले नाव, देता येते, लेबलांची यादी देता येते, जिल्हा-तालुका अशी जोडी देता येते किंवा ‘लेव्हल’ (स्तर) सांगून फक्त तालुक्याचे नाव देता येते. या चारही प्रकारांत पांडाज लेबलाचा अर्थ वेगळा लावते, आणि घोटाळे होतात ते याच ठिकाणी. एरर आली नाही आणि ओळी कमी झाल्या, एवढे पाहून पुष्कळ चाचण्या थांबतात. पण भलत्याच दोन ओळी गेल्या तरी ओळींची संख्या दोननेच कमी होते. म्हणून प्रत्येक चाचणीने वगळल्यानंतर नेमके काय उरले हे तपासावे, असा माझा आग्रह आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे.

नमुना तक्ता

पायटेस्ट या चाचण्यांच्या साधनात एक फिक्स्चर (प्रत्येक चाचणीला मिळणारा तयार नमुना) तयार करावे आणि त्यात लहान पण अडचणीची नावे मुद्दाम निवडलेला तक्ता ठेवावा. महाराष्ट्रातली तालुक्यांची नावे या कामाला फार उपयोगी पडतात, कारण एकच नाव दोन जिल्ह्यांत आढळते आणि जिल्ह्याचे नाव तालुक्यालाही असते. माझ्या तक्त्यात पुढील आठ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीसमोर ‘खूण’ नावाच्या स्तंभात एक संख्या असते:

पुणे, खेड: १
पुणे, शिरूर: २
रत्नागिरी, खेड: ४
रत्नागिरी, चिपळूण: ८
नाशिक, नाशिक: १६
नाशिक, मालेगाव: ३२
वाशिम, मालेगाव: ६४
सातारा, कऱ्हाड: १२८

या संख्या दोनचे घात आहेत, त्यामुळे उरलेल्या ओळींच्या बेरजेवरून कोणत्या ओळी उरल्या हे निःसंदिग्धपणे कळते. ओळींचे दोन वेगळे संच कधीही सारखी बेरीज देत नाहीत. मूळ बेरीज २५५ आहे. एखादी चाचणी फसली आणि बेरीज २०७ आली, तर ४८ कमी झाले, म्हणजे १६ आणि ३२ या खुणांच्या ओळी गेल्या, हे निदान तिथल्या तिथे होते. अर्थात बेरीज क्रम तपासत नाही. त्यासाठी अपेक्षित तक्ता हाताने लिहून ‘असर्ट फ्रेम इक्वल’ने तुलना करावी, ती तुलना मूल्यांबरोबर ओळींचा क्रम, डेटाचा प्रकार आणि ‘जिल्हा’, ‘तालुका’ ही स्तरांची नावेही पाहते. अपेक्षित तक्ता पुन्हा ‘ड्रॉप’ वापरूनच तयार केला, तर मात्र ती चाचणी स्वतःलाच साक्षीदार ठेवते आणि तिला काही अर्थ उरत नाही.

मुख्य चाचण्या

पहिली चाचणी जोडीची लिहावी. रत्नागिरी आणि खेड यांची जोडी गोल कंसातल्या ट्यूपलच्या रूपात दिली, की फक्त तीच ओळ जायला हवी आणि बेरीज २५१ उरायला हवी. पुण्याचे खेड जागेवर असले पाहिजे. त्यानंतर केवळ ‘पुणे’ हे लेबल द्यावे: दोन ओळी जाऊन २५२ उरतात. तिसऱ्या चाचणीत ‘लेव्हल’ म्हणून ‘तालुका’ सांगून ‘मालेगाव’ द्यावे. नाशिक आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांतले मालेगाव जाऊन १५९ उरतात. हेच ‘मालेगाव’ लेव्हल न सांगता दिले, तर पांडाज ते पहिल्या स्तरावर, म्हणजे जिल्ह्यांत शोधते, ते तिथे सापडत नाही आणि ‘की-एरर’ येते. ही एररसुद्धा ‘पायटेस्ट रेझेस’ने तपासून ठेवावी.

खरा धोका ‘नाशिक’ या नावात आहे. लेव्हल न देता ‘नाशिक’ वगळले, तर अख्खा जिल्हा जातो आणि २०७ उरतात. लेव्हल ‘तालुका’ दिली, तर एकच ओळ जाते आणि २३९ उरतात. दोन्ही वेळा एरर येत नाही, कारण दोन्ही आज्ञा वैध आहेत. ट्यूपल आणि लिस्ट यांतला फरकही इथेच उघडा पडतो: ‘नाशिक, नाशिक’ हे गोल कंसात लिहिले तर नाशिक जिल्ह्यातला नाशिक तालुका, आणि चौकटी कंसात लिहिले तर पहिल्या स्तरावरचे एकच लेबल दोनदा, म्हणजे पुन्हा सगळा जिल्हा. कंस बदलल्यामुळे गेलेला डेटा नुसत्या नजरेने शोधणे कठीण असते. म्हणून या चार शक्यता ‘पॅरामेट्राइझ’ (एकच चाचणी वेगवेगळ्या मूल्यांवर चालवण्याची पायटेस्टमधली सोय) वापरून एकाच चाचणीत शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे अपेक्षित बेरीज लिहावी. कोड वाचणाऱ्यालाही फरक एका दृष्टिक्षेपात कळतो.

या सर्व चाचण्यांच्या शेवटी मूळ तक्ता जसाच्या तसा आहे का, हेही पाहावे. ‘इनप्लेस’ (मूळ तक्ताच बदलण्याचा पर्याय) सांगितले नसेल तर ‘ड्रॉप’ नवा तक्ता परत देते आणि मूळ बेरीज २५५च राहिली पाहिजे.

न सापडणारी लेबले

काही सांगितले नाही, तर ‘ड्रॉप’च्या ‘एरर्स’ या पर्यायाचे मूल्य ‘रेझ’ असते, म्हणजे लेबल नसेल तर की-एरर येते. यादीतले एक लेबल असेल आणि दुसरे नसेल, तरीही एरर यायला हवी आणि काहीही वगळले जाऊ नये. ‘इग्नोर’ दिले तर सापडलेली लेबले जातात आणि बाकीची निमूटपणे सोडून दिली जातात. ‘इग्नोर’ शक्यतो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावांची यादी घेऊन नव्या तक्त्यावर ‘इग्नोर’सह ‘ड्रॉप’ चालवले, तर वगळायचे जिल्हे तक्त्यात तसेच राहतात आणि कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

देवनागरी लेबलांच्या बाबतीत आणखी एक चाचणी अत्यावश्यक आहे, आणि त्यासाठीच कऱ्हाड या तक्त्यात आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये किमान तीन प्रकारे साठवलेला आढळतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ‘र’ला नुक्ता जोडून, आणि ‘र’, हलन्त व त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसू शकतात, परंतु पांडाजच्या दृष्टीने ती तीन वेगळी लेबले आहेत. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधले ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची युनिकोडची पद्धत) वापरून चालवले, तर पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे वेगळेच राहते आणि त्यासाठी स्वतःचा बदल लिहावा लागतो. तिन्ही रूपे पॅरामीटर म्हणून देऊन, आपल्या शुद्धीकरणानंतर प्रत्येकाने १२८ची ओळ वगळली जाते आणि १२७ उरतात, हे तपासावे.

लेव्हल्समध्ये मागे राहणारी नावे

‘मालेगाव’ वगळल्यानंतर इंडेक्सचे ‘लेव्हल्स’ पाहिले, तर मालेगाव अजून तिथे दिसते. हे बिघडल्याचे लक्षण नाही. मल्टिइंडेक्स, म्हणजे बहुस्तरीय इंडेक्स, प्रत्येक स्तराची नावे एकदाच साठवतो आणि ओळींसाठी त्या नावांचे क्रमांक ठेवतो. ओळ गेली की तिचा क्रमांक जातो, नाव यादीत राहते. म्हणून ‘उरलेले तालुके कोणते’ हे तपासताना ‘लेव्हल्स’ वाचू नये. ‘गेट लेव्हल व्हॅल्यूज’मधली वेगवेगळी मूल्ये घ्यावीत.

याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. लेव्हल देऊन वगळताना पांडाज लेबल आहे की नाही हे त्या साठवलेल्या यादीत पाहते. त्यामुळे तालुका स्तरावरून मालेगाव एकदा वगळून तेच पुन्हा वगळले, तर दुसऱ्यांदा की-एरर येईल ही अपेक्षा फोल ठरते: एरर येत नाही आणि काहीच बदलत नाही. मधे ‘रिमूव्ह अनयूज्ड लेव्हल्स’ चालवून नवा इंडेक्स तक्त्याला दिला, की एरर येते. या दोन्ही वर्तनांची चाचणी ठेवावी, विशेषतः ज्या कोडमध्ये वगळण्याच्या पायऱ्या एकामागून एक येतात तिथे.

दुबार नोंदी, विस्कळीत क्रम, रिकाम्या जागा

फिक्स्चरच्या प्रतीत ‘पुणे, शिरूर’ ही ओळ २५६ या खुणेसह पुन्हा जोडावी. इंडेक्स एकमेव (प्रत्येक जोडी एकदाच असलेला) राहिला नाही की तक्त्याचे ‘ड्रॉप’ आत वेगळ्या मार्गाने जाते. पांडाजच्या २.x आवृत्त्यांत ‘तालुका’ स्तरावरून ‘खेड’ आणि तक्त्यात नसलेले ‘महाड’ एकत्र वगळायला सांगितले, तर एकमेव इंडेक्सवर एरर येते. दुबार इंडेक्सवर मात्र दोन्ही खेड जातात, महाडबद्दल एक शब्दही येत नाही आणि ५११ पैकी ५०६ उरतात. एरर येते ती एकही लेबल सापडले नाही तरच. आपल्या डेटात दुबार ओळी येण्याची शक्यता असेल, तर यादीतली सर्व लेबले आधी स्वतः तपासणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

एकाच जिल्ह्याच्या ओळी एकमेकींपासून दूर विखुरलेल्या असतील आणि लेव्हल न देता जिल्हा वगळला, तर ‘परफॉर्मन्स वॉर्निंग’ (काम संथ होऊ शकते असा इशारा) येते. उत्तर बरोबरच असते. फक्त ‘पायटेस्ट वॉर्न्स’ने तिची नोंद घ्यावी, किंवा आधी ‘सॉर्ट इंडेक्स’ करावे.

तालुका रिकामा असलेली एक ओळही हवी. मल्टिइंडेक्समध्ये रिकाम्या मूल्याचा क्रमांक उणे एक असतो, त्यामुळे दुसरे लेबल वगळताना ती ओळ चुकून जात नाही ना, आणि नसलेले लेबल दिल्यावर एरर येतेच ना, हे पाहावे. पांडाजच्या स्वतःच्या चाचण्यांतही हा प्रकार स्वतंत्रपणे तपासलेला आहे. शेवटी सगळे जिल्हे वगळून रिकामा तक्ता मिळवावा: ओळी शून्य, पण स्तर दोनच आणि त्यांची नावे तीच.

‘ड्रॉप लेव्हल’ ही निराळी मेथड आहे. ती नोंदी वगळत नाही, तर स्तरच काढते. जिल्हा स्तर काढला की खेड आणि मालेगाव दुबार होतात, म्हणून तिच्यानंतर इंडेक्स एकमेव आहे का ही तपासणी जोडावी. स्तंभांवर बहुस्तरीय इंडेक्स असेल, तर हाच नमुना आडवा करून त्याच चाचण्या ‘अॅक्सिस’ (ओळी की स्तंभ) बदलून चालवता येतात. पांडाजची आवृत्ती बदलण्यापूर्वी हा सगळा संच जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवावा; बदल झाला असेल तर तो बहुधा दुबार इंडेक्स आणि न सापडणाऱ्या लेबलांच्या चाचण्यांत आधी दिसेल.