दसऱ्याला झेंडू का फुलला नाही? गोव्यात बियांपासून फुलझाडे लावताना या चुका टाळा

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या अंगणात झेंडूची चाळीस झाडे उभी होती आणि तोरणाची फुले मात्र म्हापशाच्या बाजारातून विकत आणली. झाडांना काही झाले नव्हते. चांगली कमरेएवढी, हिरवीगार, आणि शेंड्यांवर मुगाएवढ्या कळ्या. सगळी मिळून फुलली ती नरकासुराच्या रात्रीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "रोजां बरी आली गो, पण मुहूर्त चुकला." (आमच्याकडे झेंडूला रोजां म्हणतात.)

मुहूर्त खरेच चुकला होता, आणि चूक माझीच होती.

इंग्रजी तारीख धरून बी टाकणे

२०२४ मध्ये मी १ ऑगस्टला बी टाकले होते. दसरा १२ ऑक्टोबरला, म्हणजे ७२ दिवस मिळाले आणि फुलांनी टोपल्या भरल्या. तीच तारीख डोक्यात धरून २०२५ मध्येही १ ऑगस्टलाच टाकले. पण त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला आला. दहा दिवस कमी पडले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरला जातो.

तेव्हा कालनिर्णय आधी उघडा, बियांचे पाकीट नंतर. मोठ्या फुलाच्या झेंडूला बियांपासून फुलापर्यंत साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात. दसऱ्यापासून ७५ दिवस मागे मोजा. २०२६ साठी ती तारीख ६ ऑगस्ट येते. शेंडा खुडणार असाल तर आणखी आठवडाभर आधी. बुटका, छोट्या फुलांचा झेंडू थोडा लवकर येतो. तेरडा तर दीड-दोन महिन्यांत फुलतो, म्हणून चवथीसाठी लावायचा असेल तर त्याचे गणित वेगळे मांडावे लागते.

शेंडा खुडण्यातही एक फसगत आहे. रोप वीतभर झाले की वरचा कोवळा शेंडा नखाने खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या सुटतात. हे काम कळ्या दिसल्यावर करणारे बरेच जण मी पाहिले आहेत. तेव्हा खुडले तर फांद्या फुटतात, पण पहिला बहार हातचा जातो.

घाटावरचे वेळापत्रक आणि आपला पाऊस

पाकिटावर छापलेले असते: जून-जुलैत पेरा. हे घाटावर ठीक आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उघड्या वाफ्यात टाकलेले बी एक तर वाहून जाते, नाही तर कुजते. म्हणून ऑगस्टची पेरणी ओसरीवर, पडवीत किंवा प्लास्टिकच्या छपराखाली ट्रेमध्येच करायची. आणि छप्पर असले तरी ट्रे पागोळ्यांखाली ठेवू नका. कौलांवरून सुटलेली एकच धार बारा कप्पे उपसून काढते. हे मी एकदा नाही, दोनदा केले आहे.

रात्रीत आडवी होणारी रोपे

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते: "काल छान होती, आज झोपली." जवळ जाऊन पाहा. पाने अजून हिरवी असतात, पण मातीला टेकलेला देठाचा भाग पाणी सुटल्यासारखा, सुतासारखा बारीक झालेला असतो. बोटाने उचलले तर रोप तिथेच तुटते. हा मातीतल्या बुरशीचा उद्योग. तिला लागते ती ओल, दाटी आणि कोंदट हवा, आणि ऑगस्टमधल्या आपल्या पडवीत या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात.

बहुतेक जण अशा वेळी आणखी पाणी घालतात, कारण रोप मान टाकते म्हणजे तहानले असे वाटते. उलट करा. आडवी पडलेली रोपे आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका. ट्रे वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. पृष्ठभाग सुकू द्या आणि वर कोरडी, धुतलेली नदीची वाळू पातळ पसरा. पाणी सकाळी आणि खालून द्या, म्हणजे परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे दहा मिनिटे ठेवायचा, मग निथळायचा. संध्याकाळी वरून झारी फिरवणे पूर्ण बंद. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधी मातीत मिसळला तर उपयोग होतो. आडवे पडलेले रोप मात्र त्याने उठत नाही.

यातला निम्मा त्रास मुळात दाट पेरणीचा असतो. पाकिटात शंभर बिया आहेत म्हणून शंभरही एका कुंडीत रिकाम्या करू नका. एका कप्प्यात एक बी, फार तर दोन.

सोडणाचा भुसा आणि लाल माती

नारळाची सोडणे घरी ढिगाने असतात, म्हणून त्यांचाच भुसा करून बी लावावे असे वाटते. विचार चांगला आहे, पण न धुतलेल्या भुश्यात टॅनिन आणि क्षार असतात, त्यात कोवळी मुळे पुढे सरकत नाहीत. भुसा दिवसभर भिजवून पाणी फेका, आणि पाण्याचा चहासारखा रंग जाईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. विकतच्या कोकोपीटच्या विटेलाही मी एकदा तरी धुऊन घेते.

मातीची गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी आहे आणि तिच्यात लोह भरपूर. सामू (pH, मातीच्या आम्लतेचा आकडा) सहाच्या खाली गेला की लोह आणि मँगनीज झाडाला गरजेपेक्षा जास्त मिळू लागते आणि मोठा झेंडू याबाबतीत फार नाजूक. पानांवर बारीक तांबूस ठिपके येतात, मग कडा करपतात. लोक याला कीड समजून कडुनिंबाचे तेल मारत बसतात. माती तपासून घ्या. सामू कमी निघाला तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी बागेचा चुना किंवा डोलोमाइट मिसळा. चुलीची राखही चालते, पण मूठभर. बालदीभर राख ओतली तर रोग गेला आणि रोगीही गेला.

खाजनाकाठी (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीजवळ) राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आधी चाखून पाहावे. खारट लागले तर पानांच्या करपलेल्या कडांचे कारण तिथेच सापडेल.

बाजारातून रोप आणताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपांची पाटी दिसली की हात आपोआप फुललेल्या रोपाकडे जातो. ते रोप घेऊ नका. लहानशा पिशवीत फुललेले रोप म्हणजे मुळे गोल गोल गुंडाळलेले, दमलेले रोप. बुटके, जाड देठाचे, चार-पाच पाने फुटलेले, कळी नसलेले घ्या. तरीही फुललेलेच आणले असेल तर फूल आणि कळ्या खुडा, मुळांचा वेढा बोटांनी थोडा सैल करा आणि मगच लावा. फूल खुडायला जिवावर येते खरे.

एका रोपवाटिकेतून मी पेटुनियाची दोन डझन रोपे आणली होती. शेडनेटखालून थेट ऑक्टोबरच्या उन्हात, तीही दुपारी दोनला. तिसऱ्या दिवशी चारच शिल्लक होती. रोप आणल्यावर आधी चार-पाच दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून सवय लावायची, मग संध्याकाळी लावणी, आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारी वर आंब्याची डहाळी खोचून सावली. झेंडूचे उंच, लुळे झालेले रोप थोडे खोल लावले तरी चालते, त्याच्या देठालाही मुळे फुटतात. पेटुनियाच्या बाबतीत हा प्रयोग करू नका.

थोडक्यात उरलेल्या चुका

पेटुनिया आणि चिनी गुलाबाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो. ते मातीत पुरू नका. वरच भुरभुरा आणि हलके दाबा. सदाफुलीचे उलट: तिला अंधार हवा, म्हणून वर पातळ माती.

झाड तजेलदार आणि फूल नाही, असे झाले तर शेणाची स्लरी आणि युरिया थांबवा. नत्र जास्त झाले की झाड पानांतच रमते. कॉसमॉसला तर हलकी मातीच आवडते.

मागच्या वर्षीच्या तोरणातली सुकी फुले कुस्करून टाकली तर काही उगवतात, आणि त्यात गंमतही आहे. पण बाजारातली फुले बहुधा संकरित वाणांची असतात, त्यामुळे पुढच्या पिढीत एकेरी, फिकट फुलेही निघतात. तोरणाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. उघडलेले पाकीट स्वयंपाकघराच्या खणात ठेवले तर आपल्या दमट हवेत बी लवकर मरते. घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवा. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. आठवड्यात सहा-सातही उगवल्या नाहीत तर नवे पाकीट आणा.

झिनिया जागेवरच पेरा, उचलून लावलेले त्याला मानवत नाही. पाऊस ओसरल्यावर पेरलेला झिनिया डिसेंबरात पांढरा पडतो, ती भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवले, खालची पाने काढली आणि पाणी बुंध्याशी दिले तर ती उशिरा येते. आली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारायचे. भर उन्हात फवारलेत तर पाने गंधकानेच भाजतील.