त्यांचं अकराचं, माझं तीनचं

पाच महिने मी मिरीशी भांडत होतो. मिरीचा काहीच दोष नव्हता.

टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका बार्बेक्यूच्या दुकानात पिटवर, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवर, काम करतोय, त्याला आता चौथं वर्ष. मूळचा पेणचा. आधी मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट, मग इकडे कलिनरीचा कोर्स, मग दोन किचनमध्ये नुसते कांदे सोलणं. कोर्सला नवीन आलेली आपली मुलं अधूनमधून विचारतात, "दादा, सुट्टीच्या दिवशी कुठली दुकानं पालथी घालू?" दुकानांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. आचाऱ्याने दुसऱ्या आचाऱ्याच्या दुकानात जाऊन खायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं. ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीकडचा चिवट तुकडा, आणि ऑफसेट स्मोकर म्हणजे जाळ बाजूच्या पेटीत आणि मांस शेजारी धुरावर, एवढं लक्षात असलं की पुरे.

पहिल्याच वर्षी मालकाने ब्रिस्केट माझ्यावर सोपवलं. बुधवारी सुट्टी असायची. दर बुधवारी पहाटे गाडी काढायची, अडीच-तीन तासांत लॉकहार्ट नाहीतर टेलर ही बार्बेक्यूची गावं गाठायची, दुकान उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि अकराच्या सुमारास पहिल्या ट्रेंपैकी एक आपला. काप बोटावर आडवा टाकला की दोन्हीकडून लोंबायचा, पण तुटायचा नाही. हलका हिसका दिला की सुटायचा. चरबी काचेसारखी झालेली. मी डोळे मिटून खायचो.

गुरुवारी आमच्या दुकानात, गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीनला मी माझ्या ब्रिस्केटचा काप तोंडात टाकायचो. कोरडा ठाक. घोटभर पाण्याशिवाय उतरायचा नाही.

मग सुरू झाले प्रयोग. मिरी भरड केली, मग बारीक केली, मग दोन्ही मिसळली. मीठ आदल्या रात्री लावलं. पोस्ट ओकचं लाकूड सोडून हिकरीचं आणलं. चरबीचा थर पाव इंचाचा अर्धा इंच केला. शिजताना मांस कागदात गुंडाळायची वेळ बदलली. वहीची चाळीस पानं भरली. दर बुधवारी नवं दुकान आणि दर गुरुवारी नवा अपमान. मी आईला फोनवर म्हणालोसुद्धा, की मला जमणार नाही, परत येतो. ती म्हणाली, "ये. पण आधी जेवलास का?"

आमच्याकडे मेक्सिकोतल्या मॉन्तेरेकडचा एक म्हातारा पिटवाला होता. मला तो 'मिहो' म्हणायचा, म्हणजे पोरा. एका गुरुवारी अकरा वाजता, रांग लागायच्या आत, त्याने एक काप माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला आणि विचारलं, कुणाकडून आणलंस? त्याने सुरीचं टोक माझ्या छातीकडे केलं.

माझंच होतं ते. अकराचं.

हे मी जरा पाल्हाळ लावूनच सांगणार आहे, कारण वाचताना ते फारच सोपं वाटतं. मी त्यांचं अकराचं मांस माझ्या तीनच्या मांसाशी ताडून पाहत होतो. ब्रिस्केट साधारण २०३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ९५ सेल्सियसच्या आसपास उतरवतात. तोवर आतल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. पण पाक झाला म्हणजे लाडू झाला असं नाही. गरमागरम कापलं तर सगळा रस पाटावर वाहून जातो. म्हणून ते आधी निवू देतात आणि मग १४० ते १५० फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० ते ६५ सेल्सियसच्या, मांस गरम ठेवायच्या पेटीत तासन् तास ठेवतात, कित्येक ठिकाणी रात्रभर. अकराला तुमच्या ट्रेमध्ये येतं ते असं मुरलेलं ब्रिस्केट. १३५ फॅरनहाइटच्या खाली मात्र गरम अन्न ठेवायचं नाही, हा इथला अन्नसुरक्षेचा दंडक आहे. तिथे हुशारी करू नका.

आमच्या पेटीचा काटा होता १७५ वर. कुणी, कधी फिरवला, देव जाणे. अकराला मांस छान असायचं. तिथून पुढे ते पेटीत ठेवलेलं नसायचं, शिजत असायचं. शिवाय कापलेला अर्धा तुकडा दिव्याखाली उघडा पडून असायचा. काटा १४५ वर आणला, लागेल तेवढंच कापायचं ठरवलं आणि पाच महिन्यांचं दुखणं दोन दिवसांत गेलं. मिरी पुन्हा होती तशी.

आणखी एक पाप होतं. काउंटरवाला विचारतो, लीन की मॉइस्ट? आपण पाहुणे, आपण अर्थातच मॉइस्ट म्हणतो. तो वरचा, चरबीचा भाग. तो खराब करायला खास प्रतिभा लागते. आणि दुपारी तीनला माझ्या पाटावर उरायचा तो खालचा, कमी चरबीचा लीन, कारण मॉइस्ट गिऱ्हाइकांनी संपवलेला असायचा. म्हणजे वेळ वेगळी, भाग वेगळा आणि निष्कर्ष काय, तर 'त्यांची मिरी वेगळी आहे'!

म्हणून कुठेही गेलात तरी लीनचा एक काप मागाच, तोही मधल्या भागातला. स्वयंपाक्याची परीक्षा तिथे असते. आणि एकाच दुकानात दोनदा जा, एकदा उघडताना आणि एकदा अडीच-तीनला. दुसरी फेरी कंटाळवाणी असते, पण शिकवते तीच. ऑस्टिनच्या फ्रँकलिनसारख्या ठिकाणी तोवर माल संपलेला असू शकतो. लॉकहार्टची मोठी दुकानं संध्याकाळपर्यंत चालतात, म्हणून मी नवख्याला आधी तिकडे धाडतो.

लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर. क्रूझ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ चं. मध्य टेक्ससमधली ही परंपरा जर्मन आणि चेक खाटकांची. न खपलेलं मांस धुरावर टाकून कागदावर विकायचे, म्हणून आजही कित्येक ठिकाणी ताट नसतं, खाकी कागद असतो, बाजूला पाव नाहीतर खारी बिस्किटं, कांदा, लोणच्यातली काकडी. १९९९ मध्ये क्रूझ चालवणाऱ्या श्मिट घरातली भाऊबंदकी विकोपाला गेली. भावाने धंदा नव्या इमारतीत हलवला, बहिणीकडे जुनी जागा राहिली आणि तिथे स्मिटीज सुरू झालं. जुन्या पिटमधले निखारे टबात घालून रस्त्यावरून नव्या जागेपर्यंत ओढत नेले होते. आपल्याकडे वाटणीत पाटा-वरवंट्यावरून भांडतात, तसंच.

स्मिटीजमध्ये रांगेत उभं राहिलं की पायाशी, जमिनीवरच, उघडा जाळ असतो. लोक फोटो काढतात. तुम्ही जाळ बघा. ओंडका कधी सरकवतात, राख किती साठू देतात, पिटचं झाकण उघडल्यावर धूर पांढरा निघतो की निळसर. रायगडात लहानपणी पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भरून वर जाळ, लावलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र झालं की झाली, इतकंच आमचं थर्मामीटर होतं. इथे मी डिजिटल प्रोब वापरतो आणि लाजत नाही.

टेलरचं लुई म्युलर १९४९ पासून आहे. भिंती धुराने अक्षरशः काळ्या, आणि मिरी इतकी की पहिल्या घासाला ठसका लागतो. तिथे आधी गेलात तर पुढचं सगळं मिळमिळीत लागेल, म्हणून ते शेवटी ठेवा. लानोचं कूपर्स वेगळ्याच जातीचं. तिथे मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यावर थेट भाजतात आणि बाहेरच्या पिटवरून बोट दाखवून मांस निवडायचं. ऑफसेटच्या मोजपट्टीने ते मोजू नका.

दिवसाला तीन दुकानं, त्याहून जास्त नाही. मी एकदा पाच केली होती. चौथ्यापासून वहीत फक्त 'बरं आहे' लिहिलंय. प्रत्येक ठिकाणी एक लीन, एक मॉइस्ट, एक रिब, एक सॉसेज, बस. वजनावर विकत असले तरी काप मागितले तर देतात. ब्रिस्केट पौंडाला तीस डॉलरच्या पुढे गेलंय. कच्चं मांस साफ करून शिजेपर्यंत निम्म्यावर येतं, त्यामुळे दराबद्दल कुरकुर करणारा आचारी मला आचारीच वाटत नाही. सॉस शेवटच्या घासाला. उरलेलं बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी गार असतानाच खा. मीठ किती आहे ते गारच सांगतं.

बीफ न खाणाऱ्यांनी या वाटेला यायचंच नाही का? या की. टर्कीचं ब्रेस्ट मागा. त्यात लपायला चरबी नसते, पिटवाल्याचा हात लगेच कळतो. पोर्क रिब्ज आहेतच. सॉसेजमध्ये काय आहे ते मात्र विचारून घ्या, पुष्कळदा बीफ असतं. पण पुढे ब्रिस्केटच्या पिटवर नोकरी करायची असेल, तर चाखावं लागेल. त्याला दुसरी वाट नाही. आईला मी आजही फोनवर 'मटण' एवढंच सांगतो.

आता बोलण्याबद्दल. मागे चाळीस माणसं उभी असताना काउंटरवर "मीसुद्धा कुक आहे" म्हणू नका. मी म्हणालो होतो. समोरच्याने "छान" म्हणून पुढच्याला हाक मारली. माल संपला, पाट धुतले जाताहेत, पिटवाला मागच्या दारात बसलाय, ती वेळ. तो पहाटे दोनपासून उभा असतो. आधी थंड काहीतरी नेऊन द्या. मसाला विचारू नका, मीठ आणि मिरी आहे, ते त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही. लाकूड किती महिने वाळलेलं वापरता, मांस रात्री कधी उतरवता, पेटी किती अंशावर ठेवता, हे विचारा. मला एकाने पेटी उघडून दाखवली. दुसऱ्याने हाकलून दिलं. दोघांचंही बरोबर होतं. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

आणि वीकेंडला भरमसाट फी घेऊन 'पिटमास्टर' करून सोडणारे क्लास! माझं मत तुम्हाला पटणार नाही, तरी सांगतो. पहिल्या दिवशी रबची, म्हणजे मांसाला चोळायच्या मसाल्याची, पाककृती देतो तो मास्तर रब विकायला बसलेला असतो. पहिले दोन आठवडे राख उपसायला लावतो तो धरून ठेवा. आमच्या म्हाताऱ्याने मला तीन आठवडे लावली होती, तेव्हा त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालोय ते इथे लिहीत नाही.

पहिले काही महिने सगळ्यांचं मांस आपल्यापेक्षा चांगलं लागेल. घाबरू नका, जिभेत खोट नसते. आधी घड्याळ बघा. पण घड्याळ बघूनही तसंच लागलं तर खरोखरच त्यांचं चांगलं आहे, ते मुकाट्याने कबूल करा आणि परत जा.

लेक्सिंग्टनच्या स्नोजला जायचं असेल तर ते फक्त शनिवारी, सकाळी आठला उघडतं. ऐंशी ओलांडल्यावरही फावड्याने निखारे ओढणाऱ्या टूट्सी टोमानेट्झ तिथल्या. जन्म १९३५ चा, पिटवर १९६६ पासून. तिथे ब्रिस्केटइतकाच पोर्क स्टेक खा. पहाटेच रांग लागते, डिसेंबरात चांगलीच थंडी असते, स्वेटर गाडीत ठेवा. मी ठेवला नव्हता. पिटजवळ उभं राहू का विचारलं, तर त्यांनी उभं राहू दिलं.