मालवणला निघालात? बेळगावकरांनो, या चुका टाळा

मालवण महाग आहे अशी तक्रार करणाऱ्याला आधी विचारावं, गेला होता कधी? उत्तर बहुतेक मे महिन्यातलं निघतं. सगळ्यांत महागडी चूक हीच. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते, महाराष्ट्रातल्या शाळा साधारण मे उजाडताना सुटतात. मधल्या दिवसांत पुण्या-मुंबईची गर्दी मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर उतरलेली नसते. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळल्या, तर खोलीवाल्याशी भाव करायला तेव्हाच वाव असतो. ऑक्टोबरातही तेच: आपली मोठी सुट्टी दसऱ्याची, त्यांची दिवाळीची. तरी आपण पुण्याच्या आत्याला रजा मिळेपर्यंत थांबतो! आत्याला दिवाळीत घरी बोलवा की, कुंदा खायला.

दुसरी चूक तिकिटाच्या हिशोबात होते. कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेतला बायकांचा मोफत बसप्रवास कर्नाटकाच्या हद्दीतला आहे. बायकांचं तिकीट शून्य धरून मालवणचं बजेट मांडलं तर ते हद्दीवरचं शिनोळी ओलांडतानाच चुकतं. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्या राज्याच्या हद्दीपुरतं. घरात बायका-मुली जास्त आणि खिसा अगदीच तंग असेल, तर कारवारचा विचार करा. साध्या सरकारी बसनं आधार कार्ड दाखवून त्या फुकट पोचतात आणि समुद्र स्टँडपासून फार लांब नाही.

दहा-बारा जण असले की क्रूझर जीप ठरते. 'ओळखीतली आहे, स्वस्तात देतो' म्हणून पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं घेऊ नका. तपासणीत अडकलात तर दंड आणि खोळंबा दोन्ही पदरात. पिवळ्या पाटीची गाडी घेतानाही महाराष्ट्राचा टॅक्स, ड्रायव्हरचा बत्ता आणि त्याची मुक्कामाची सोय भाड्यात धरली आहे का, हे निघण्याआधी बोलून घ्या. हा वाद परतीच्या वाटेवर आंबोलीच्या घाटात रंगला की सगळ्या सहलीची चव जाते.

खोली घेताना 'बीच टच' या दोन शब्दांना भुलू नका. एसटीनं येणाऱ्यांनी मालवण गावातच, नाहीतर चिवला बीचकडे उतरावं. बाजार, खानावळी आणि किल्ल्याचा धक्का सगळं आवाक्यात येतं. देवबाग सुंदरच आहे, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. पण स्वतःची गाडी नसेल तर प्रत्येक फेरीला रिक्षा करावी लागते आणि खोलीत वाचलेले पैसे तिथंच जातात. जादा गादीचे किती, हेही फोनवरच विचारा.

जेवायला घरगुती खानावळ बरी. सुरमई-पापलेटचा दर त्या दिवशीच्या मासळीवर ठरतो, तेव्हा ताटावर बसायच्या आधी विचारण्यात कमीपणा नाही. मुलांना बांगडा चालत असेल तर बिल बरंच खाली येतं. आजीचा सोमवार किंवा एकादशी असेल तर सकाळीच सांगून ठेवा.

सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा सकाळी उरका. दुपारनंतर वारा वाढतो, धक्क्यावर रांगही. स्कूबाच्या दरात फोटो आणि बोट धरली आहे का, ते आधी ठरवा.

आता पैशाच्या पलीकडचं. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजचे आठ जण बुडाले. पाणी शांत दिसतं म्हणून आत जायचं नाही. कुठं उतरायचं आणि भरती-ओहोटी कधी, हे रोज तिथल्या मच्छीमारांना विचारा. ही वेळ रोज जवळजवळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते, त्यामुळं कालची माहिती आज धरू नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं, तेव्हा मुलांना वाळूतच खेळू द्या.

जूनमध्ये खोल्या स्वस्त होतात, ते बघूनही कुणी फसू नये. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मग खोलीत बसून करायचं काय? त्या दिवसांत आंबोलीचा धबधबा बघून संध्याकाळी घरी परतावं, मुक्कामाचा खर्चच नाही.