रायडिंग जॅकेट धुताना सॉफ्टनर टाकू नका
सोलापुरात पाऊस तसा कमीच, पण सप्टेंबरात तुळजापूर रोडला गाठला की धू धू धुतो आणि तेव्हाच कळतं जॅकेटवरनं पाणी घरंगळतंय का कापडात मुरतंय. मुरत असलं तरी लगेच नवं घ्यायला पळू नका, बऱ्याचदा आतला वॉटरप्रूफ थर शाबूत असतो, वरचं कोटिंग तेवढं धूळ, घाम नि डिटर्जंटनं दबलेलं असतं. आधी खांद्या-कोपराचे पॅड काढा, चेन लावा, वेल्क्रो पण (उघडा राहिला की अस्तर ओरबाडतो), मग ३० डिग्रीच्या आसपासच्या कोमट पाण्यात थोडंसंच लिक्विड डिटर्जंट टाकून धुवा, निकवॅक्स कंपनीचं टेक वॉश (वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचं लिक्विड) मिळालं तर उत्तमच. सॉफ्टनर नको म्हणजे नकोच, ब्लीच पण नको. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून काढा, वेळ लागला तर लागू दे. पिळायचं नाही, हँगरला लावून सावलीत निथळू द्या, मे महिन्यात गच्चीवर तर अजिबात टाकू नका. लेबलवर इस्त्री चालते असं असेल तरच वर सुती कापड टाकून हलकी फिरवा, त्या उष्णतेनं कोटिंग परत काम करायला लागतं. साधा पीव्हीसी रेनकोट मात्र ओल्या फडक्यानं पुसायचा फक्त, इस्त्री लावलीत तर वितळून चिकटेल.